एचपर्यंतचं इंग्रजी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमची मुलगी साडेतीन वर्षांची झाली आणि माझ्या बायकोने इंग्रजी शिकायला घेतलं. देवळाली कॅम्पच्या इंग्रजी शाळेत प्रवेशाच्या वेळी आईवडिलांचीही मुलाखत घेतात, असं तिला शेजारणीने सांगितलं होतं. पण तिची खरी धास्ती पुढची होती. मुलगी इंग्रजी बोलायला लागली की आपण तिच्यासमोर मुक्यासारखं बसायचं का?

मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. इंग्रजी वाचता यायचं, बोलायची वेळ कधी आली नव्हती. मी तिला व्याकरणाचं पुस्तक आणून दिलं. ते तिने आठवड्यात परत केलं आणि नाशिकरोडच्या फुटपाथवरून इंग्रजी वाक्प्रचारांचं पुस्तक आणलं, मराठी अर्थांसह. तिच्या माहेरी, कळवणला, मोठी माणसं म्हणीशिवाय साधं वाक्य फारसं बोलत नसत. इंग्रजांचंही तसंच असणार, असं तिचं म्हणणं.

भाकरी थापताना ती पाठ करायची. पुस्तक अक्षरांच्या क्रमाने होतं आणि ती क्रम मोडणाऱ्यांतली नव्हती. मुलाखतीचा दिवस उजाडला तेव्हा एच संपत आला होता.

त्या सकाळी बसची वाट बघताना ती एकदम म्हणाली, "अहो, मला कोल्ड फीट झालेत."

"म्हणजे?"

"ऐनवेळी धीर सुटणे." मग स्वतःच खूश झाली. "बघा, बरोबर जागी आलं की नाही!"

धीर सुटला होता, हे ती त्या आनंदात विसरूनच गेली.

मुख्याध्यापिकांनी इंग्रजीत विचारलं, हीच शाळा का? बायकोने पदर सावरला.

"मॅडम, टू कट अ लाँग स्टोरी शॉर्ट, शी इज ॲपल ऑफ माय आय. ॲडमिशन विल बी फेदर इन माय कॅप."

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. उरलेली मुलाखत त्यांनी हिंदीत घेतली. हिंदीची मात्र आमची काहीच तयारी नव्हती.

प्रवेश मिळाला. त्या वर्षी वर्गच भरत नव्हता, आले तेवढे घेतले, असं शाळेच्या शिपायाने मला सांगितलं. ते मी घरी येऊन सांगितलं.

"ते बाकीच्यांचं," ती म्हणाली. "आपलं बोलण्यावर झालं."

पुढची अक्षरं राहूनच गेली. होतं तेवढं इंग्रजी ती दर पालकसभेत वापरायची. मुलगी आठवीत असताना अशाच एका सभेनंतर फाटकापाशी थांबली.

"आई, प्लीज. असं कुणीच बोलत नाही."

"मग कसं बोलतात?"

"चिल म्हणतात. कूल म्हणतात."

"चिल म्हणजे?"

"म्हणजे तू आता गप्प बस."

"दोन्ही सीवरूनच," बायको म्हणाली, आणि हसली.

त्यानंतर शाळेत ती "येस मॅडम" एवढंच बोलायची. घरातही वाक्प्रचार थांबले. ज्या मुकेपणाच्या धास्तीने इंग्रजी शिकायला घेतलं, त्या मुकेपणापर्यंत इंग्रजीनेच तिला व्यवस्थित आणून सोडलं.

मुलीचं शिक्षण संपलं त्या हिवाळ्यात बायको गेली. भेटायला येणारे "रेस्ट इन पीस" म्हणत. आर. तिथपर्यंत आम्ही पोचलो नव्हतो. मी मान हलवत राहिलो.

दिवसकार्य झाल्यावर मुलीला पुण्याला पहिल्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं. बॅग भरून झाली होती. मी चहा घेऊन गॅलरीत गेलो, तर ती मैत्रिणीशी फोनवर बोलत होती.

"नाही यार, उद्याच जायचंय. पण आय हॅव कोल्ड फीट."

आणि थांबली. मला तिने पाहिलं होतं.

"असं कुणी बोलतं का?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण फाटकापाशी तिने म्हटलेलं ते वाक्य इतक्या वर्षांत माझ्याही तोंडात बसलं होतं.

तिने फोन कानावरून खाली घेतला.

"बोलतात, पप्पा," ती म्हणाली. "सगळे बोलतात."

फोनमधून मैत्रीण हॅलो, हॅलो करत होती.