अण्णांची बेरजेची वही

निपाणीच्या शाळेत चौथीला गणित शिकवायला माझे वडीलच होते. घरी अण्णा, वर्गात गुरुजी. एकदा मी विचारलं, "गुरुजी, दोन आणि तीन पाच, तीन आणि दोनही पाच. पण सगळ्याच आकड्यांचं असं होतं कशावरून?" त्यांनी विडीची पानं दोन्हीकडून मोजून दाखवली आणि मग स्वतःच थांबले. "ही पानांपुरती खात्री झाली. सगळ्या आकड्यांचं मला ठावं न्हाय. शोधून सांगतो."

निवृत्तीनंतर त्यांनी खरंच शोधायला घेतलं. मी तेव्हा बेळगावात एम.एस्सी. करत होते. शंभरेक वर्षांपूर्वी मोठमोठ्या गणितज्ञांनी सगळं गणित मोजक्या नियमांच्या पायावर उभं करायचा घाट घातला होता. त्यावरच्या पुस्तकांच्या झेरॉक्स मी दर शनिवारी बसने घेऊन यायचे. अण्णा शब्दकोश उघडून बसायचे आणि दोनशे पानी वहीत सगळं मराठीत उतरवायचे. शून्य, त्याच्या पुढचा आकडा, त्याच्याही पुढचा. एवढ्यावर त्यांना बेरीज उभी करायची होती.

एका शनिवारी मी नवीनच शिकलेलं प्रमेय घेऊन आले. शिंगं फुटली होती मला. म्हटलं, "अण्णा, राहू द्या आता. गणिताला पायाच नाही, हे सिद्ध झालंय."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मग मी इतकी वर्षं पोरास्नी काय शिकवलं गं?"

मी हसले. ते हसणं मला अजून सहन होत नाही.

प्रमेय तसं म्हणतच नव्हतं. आपल्यात कुठे विसंगती नाही, हे अंकगणिताला आपल्याच नियमांनी सिद्ध करता येत नाही, एवढंच ते सांगतं. अण्णांच्या बेरजेला त्याने काडीचाही धक्का लागत नव्हता. एम.एस्सी. संपल्यावर मला हे नीट कळलं. पण तोवर मी स्वतः कॉलेजात शिकवायला लागले होते, आणि चूक कबूल करायची लाज वाटली. आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही. यंदा ते गेले.

दिवसकार्य उरकल्यावर कपाटात ती वही सापडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर मथळा होता, 'चौथीतल्या पोरीला उत्तर'. खाली सिद्धता, जवळजवळ पुरी. शेवटच्या ओळीत 'म्हणून' एवढंच लिहिलेलं.

पुढची ओळ मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहिते. वहीत लिहायला दोनदा बसले. हात धजला नाही.