मंगळवारची गाडी

नाजिमा तांबोळी फार रागीट आहेत असं म्हणणारे खडकीत पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांना जन्मल्याबरोबर पहिली चापट नाजिमाबाईंनीच मारलेली आहे. बाजारामागच्या प्रसूतिगृहात त्यांनी एकोणीस वर्षं नोकरी केली. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, नवरा हुसेन शिलाई मशिनं दुरुस्त करतो, पण पत्ता विचारायला येणारा माणूस विचारतो तो सिस्टरांचं घर कुठलं म्हणून. रिक्षावाला जास्त पैसे मागू लागला की त्या काही बोलत नाहीत, नुसतं बघतात. तेवढ्यानं काम होतं.

राग असा आयुष्यभर नीट वापरलेल्या या बाईनं एकदा, जेव्हा खरोखर भांडायला हवं होतं तेव्हा, मान डोलावली. त्याची ही हकीकत.

नोकरी सोडल्यावर सिस्टर सदाशिव पेठेतल्या एका न्यासात काम करू लागल्या. निवृत्त मुख्याध्यापक तात्याराव यांनी तो काढला होता. शहर सगळ्या बाजूंनी फुगत चाललं होतं. कॉल सेंटरं, आयटी पार्क, बारा-बारा मजल्यांच्या सोसायट्या, आणि या सगळ्याला लागायच्या विटा. त्या मांजरी आणि लोणी काळभोरच्या मधल्या नदीकाठच्या भट्ट्यांवर थापल्या जायच्या. थापणारी माणसं हिंगोली-वाशीमकडून दिवाळी झाली की यायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत जायची. त्यांना इथलं रेशन नाही, इथला दवाखाना त्यांना ओळखत नाही, मुलांचं नाव शाळेत नाही. काचेच्या इमारतीत बसून जगाशी बोलणाऱ्या या शहरानं आपल्या भिंती कुणी थापल्या हे कधी विचारलं नाही. न्यासानं विचारलं, एवढं त्याचं श्रेय. भट्टीवर पत्र्याची शाळा सुरू केली, गावाकडे राहिलेल्या बायकांसाठी शिवणवर्ग काढले, त्यांची मशिनं हुसेननं फुकट नीट करून दिली, आणि एक जुनी व्हॅन घेऊन तिच्यात दवाखाना बसवला.

ही गाडी दर मंगळवारी जायची. मंगळवार कुणी पंचांग बघून काढला नव्हता. भट्टीवर नवराबायकोची जोडी मिळून काम करते. संध्याकाळी माती भिजवायची, तिला गारा म्हणतात, आणि पहाटे तीनपासून तो गारा साच्यात घालून विटा थापायच्या. एकदा भिजवलेला गारा संपल्याशिवाय जागचं हलता येत नाही. ऊन चढलं की तो आवळतो आणि सगळी मेहनत मातीत जाते. म्हणून ताप असो, कळा असोत, बाई उठत नाही. पण शेजारच्या गावाचा बाजार मंगळवारचा. त्या दिवशी आठवड्याची खर्ची मिळते, म्हणून सोमवारी संध्याकाळी कुणी गारा भिजवत नाही. आठवड्यातून एवढाच एक दिवस बायकांचे हात कोरडे असतात. हे सिस्टरांना पहिल्याच वर्षी एका म्हातारीनं सांगितलं. तेव्हापासून पंधरा वर्षं बाजारतळावरच्या चिंचेखाली मंगळवारी गाडी उभी राहिली. कधी कधी नाहीही राहिली, कारण इंजिन म्हातारं होतं आणि हडपसरच्या चढावर हमखास बसकण मारायचं. बायका थोडा वेळ थांबायच्या, गाडी बिघडली म्हणायच्या आणि बाजार करून जायच्या. पुढच्या मंगळवारी गाडी यायचीच.

२०१५ च्या डिसेंबरात मुक्ताई पहिल्यांदा त्या चिंचेखाली आली. बावीस वर्षांची, सहावा महिना. पहिलं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलेलं. नवरा कोंडीराम दहा पावलं मागे उभा होता, तोंड दुसरीकडे करून, पण कान इकडे. सिस्टरांनी तिचा रक्तदाब बघितला आणि पुन्हा बघितला.

"पाय सुजतात?"

"पैंजण जात न्हाई वो आता."

सिस्टरांनी गोळ्या दिल्या, कार्ड केलं, कार्डावर आपला फोन नंबर लिहिला आणि बजावलं, "हे बघ, दर मंगळवारी यायचं. एकही मंगळवार चुकवायचा नाही. वाढला की मी तुला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात घालणार. मग बाळ माझ्याकडून घ्यायचं."

मुक्ताई पाच मंगळवार आली. एकदाही चुकली नाही. पाचव्या खेपेला गोळी वाढवावी लागली.

आणि त्याच आठवड्यात न्यासाला नवी गाडी मिळाली.

हिंजवडीच्या एका कंपनीनं ती दिली. नफ्यातला हिस्सा समाजकार्यावर खर्च करायचा कायदा नुकताच झाला होता आणि कंपन्यांना गरिबांची अचानक फार आठवण येऊ लागली होती. गाडी पांढरीशुभ्र, आतून एसी, बाहेरून हसणाऱ्या मुलांची चित्रं. कंपनीतर्फे आनंद नावाचा तरुण यायचा. मुलगा वाईट नव्हता. स्वतः लातूरकडच्या खेड्यातून आलेला, सिस्टरांना खुर्ची देणारा. तो बैठकीत म्हणाला, "फक्त एकच छोटा चेंज आहे. आमचे एम्प्लॉयी व्हॉलंटियर करणार, आणि त्यांना वीकेंडलाच जमतं. सो, आपण शनिवार ठेवू. आणि चिंचेखाली पार्किंग नाहीये, तर ग्रामपंचायतीसमोर."

सिस्टर म्हणाल्या, "शनिवारी गारा भिजलेला असतो."

आनंदला गारा म्हणजे काय ते कळलं नाही. तात्यारावांना कळलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "सिस्टर, जुनी गाडी पासिंगला जाणार नाही. ही घेतली नाही तर मंगळवारही नाही आणि शनिवारही नाही. बायकांना आपण समजावून सांगू. आपलं ऐकतात त्या."

इथे बोलायला हवं होतं. ज्या बाईनं चपला घालून आत आलेल्या नगरसेवकाला प्रसूतिगृहाबाहेर उभं केलं होतं, तिनं इथे टेबलावर हात आपटायला हवा होता. पण नवी गाडी दारात उभी होती, तात्याराव ऐंशीचे झाले होते, आणि सिस्टरांनी मान डोलावली. निरोप देण्याचं काम आनंदनं घेतलं. त्यानं फलक छापून ग्रामपंचायतीवर लावला आणि भट्टीच्या मुकादमाला व्हॉट्सॲप केलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी फलक, आणि बायकांना एक तास सोडलं तर ज्याच्या विटा कमी होतात त्याच्याकडे निरोप! मुकादमानं तो वाचला आणि फोन खिशात टाकला.

पहिल्या शनिवारी पन्नास जण बसमधून उतरले, एकाच रंगाचे टी-शर्ट घालून. फुगे लावले. ग्रामपंचायतीसमोर रांगही लागली. नव्या सोसायट्यांमधले काका सकाळचं चालणं उरकून, पायातल्या बुटांसकट आले आणि फुकटात साखर तपासून गेले. दुकानदार आले, सरपंचांचे पाहुणे आले. गाडीतल्या टॅबवर प्रत्येकाचा फोटो निघाला आणि प्रत्येक जण 'ग्रामीण लाभार्थी' झाला. भट्टीवरून एकही बाई आली नाही.

सिस्टरांनी आनंदला सांगितलं, "मी जरा भट्टीवर जाऊन येते. दोन किलोमीटर आहे."

"सिस्टर, प्लीज. इथे सर्टिफाइड नर्स तुम्ही एकट्याच. आणि अकराला ग्रुप फोटो आहे."

सिस्टर फोटोत उभ्या राहिल्या. दुसऱ्या शनिवारी हेच झालं, तिसऱ्या शनिवारीही. रोज घरी परतल्यावर त्या म्हणायच्या, उद्या जाते. हुसेननं एकदा विचारलं, की मग गेली का नाहीस? त्यांनी जेवणाचं ताट सरकवलं. खडकीहून तिकडे जायला तीन बस बदलाव्या लागतात, गुडघे दुखतात, आणि निरोप तर गेलाय, या सगळ्या सबबी त्यांनी स्वतःला सांगून पाहिल्या होत्या. नवऱ्याला सांगायची लाज वाटली.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, सरकारी रुग्णालयातून फोन आला. मुक्ताईच्या कार्डावरचा नंबर बघून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लावला होता. मुक्ताईला पहाटे विटा थापताना झटके आले. कोंडीरामनं तिला विटांच्या टेंपोत घालून आणलं होतं. आई वाचली. बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती.

सिस्टर पोचल्या तेव्हा मुक्ताई शुद्धीवर होती. नखांत माती तशीच. सिस्टरांना बघून तिनं उठायचा प्रयत्न केला.

"माफी करा वो सिस्टर."

"तू कशाला माफी मागतेस?"

"म्या आल्ते. तिन्ही मंगळवारी आल्ते, चिंचंखाली बसून ऱ्हायले. दुपारपस्तोर. यांनी बाजार केला, म्या हलले न्हाई. म्हटलं गाडी बिघडली आसंल, पुढच्या मंगळवारी येतील. गोळ्या सरल्या व्हत्या. तुमाला फोन करावा वाटलं, पर गाडी बिघडल्याली, त्यात तुमाला कशाला आनिक तरास."

सिस्टर तिथेच लोखंडी खाटेच्या कडेवर बसल्या. ती आली होती. हातात कार्ड घेऊन, सुजलेल्या पायांनी, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या झाडाखाली. तिचं काहीही चुकलं नव्हतं. आणि तिकडे शहरात नवी कोरी गाडी सोसायटीतल्या काकांची साखर मोजण्यासाठी शनिवारची वाट बघत होती.

पुढच्याच सोमवारी कंपनीत आढावा बैठक झाली. थंडगार खोली, भिंतीएवढा पडदा. पडद्यावर गाडी, फुगे, सिस्टरांचाही हसरा फोटो. आनंदनं आकडे वाचले. तीनशे अठ्ठ्याऐंशी लाभार्थी. मातामृत्यू शून्य. शेवटी तो म्हणाला, "वीटभट्टीचा रिस्पॉन्स मात्र झीरो आहे. तिथे हेल्थ अवेअरनेसच नाही. पुढच्या क्वार्टरपासून तो टार्गेट ग्रुप ड्रॉप करावा असं प्रपोजल आहे."

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. पर्समधून मुक्ताईचं कार्ड काढून आनंदच्या लॅपटॉपवर ठेवलं.

"वाचा. तारखा वाचा मोठ्यानं."

आनंदनं वाचल्या. पाच तारखा, पाच मंगळवार, पाच आकडे. पुढे कोरं.

"पुढचे तीन मंगळवार ही मुलगी तिथे बसून होती. आपण नव्हतो. गेल्या गुरुवारी तिचं बाळ गेलं. तुमच्या पडद्यावर मातामृत्यू शून्य आहे, ते खरंच आहे. आई जिवंत आहे. बाळासाठी तुमच्याकडे रकानाच नाही. अवेअरनेस तिला होता, साहेब. कुठल्या दिवशी यायचं ते तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं, आणि मी तुमच्या नव्या गाडीकडे बघून मान डोलावली."

आनंदचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "पण सिस्टर, मंगळवारी आमच्या लोकांना रजा कोण देणार?"

"तुमची माणसं मागितली कुणी? मला गाडी हवी होती, ड्रायव्हर हवा होता आणि मंगळवार हवा होता. टी-शर्ट नको होते."

खोलीतल्या वरिष्ठ बाईंनी, आपल्याला फार वाईट वाटलं, यावर पुढच्या तिमाहीत जरूर विचार करू, असं इंग्रजीत सांगितलं. जिन्यात तात्याराव म्हणाले, "सिस्टर, गाडी त्यांची आहे हो." सिस्टर म्हणाल्या, "ठेवू द्या त्यांना. चित्रं छान आहेत तिच्यावर."

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. सिस्टर सकाळी सहाला खडकीहून निघाल्या. पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, गोळ्या, कार्डांचा गठ्ठा, हुसेननं दिलेला डबा. तीन बस बदलल्या आणि चिंचेखाली सतरंजी टाकून बसल्या. गाडी नाही म्हणून आधी कुणी जवळ आलं नाही. मग एक आली, मग सहा. न्यासाच्या कामावर त्या पुन्हा गेल्या नाहीत. दर मंगळवारी मात्र सतरंजी पडू लागली.

पाचव्या मंगळवारी मुक्ताई आली. ती पुन्हा विटा थापू लागली होती. ते ऐकून सिस्टरांच्या तोंडून शिवीच गेली. मुक्ताईनं एका अगदी कोवळ्या मुलीला मनगटाला धरून आणलं होतं.

"ही हेमा, शेजारच्या कोपीतली. सातवा लागलाय. येत नव्हती, वढून आनली. हिचे पाय बगा."

सिस्टरांनी पाय बघितले, दंडाला पट्टा बांधला, दोनदा मोजलं, कार्ड केलं. मग त्या मुक्ताईकडे वळल्या. "कोंडीरामचा फोन आण इकडे." तो तिच्या कनवटीलाच होता. सिस्टरांनी आपला नंबर त्यात एकच्या बटणावर बसवला.

"आता नीट ऐका दोघी. मंगळवारी मी इथे दिसले नाही तर गाडी बिघडली, बस चुकली, असलं काही मनात आणायचं नाही. हे बटण दाबून धरायचं आणि माझ्याशी भांडायचं."

हेमा पदर तोंडाला लावून हसली. मुक्ताई म्हणाली, "तुमच्याशी कसं भांडायचं वो?"

"तसंच. जोरात. दाब बटण, आत्ता माझ्यासमोर करून दाखव."

मुक्ताईनं मातीनं चिरलेला अंगठा बटणावर दाबला. दोन हातांवर सिस्टरांच्या पिशवीत फोन वाजू लागला. सिस्टरांनी तो काढून कानाला लावला. समोरासमोर बसून दोघी फोन धरून थांबल्या. मुक्ताई आधी लाजली, मग चिंचेच्या बुंध्याकडे बघत, फोनमध्ये, नीट मोठ्यानं म्हणाली,

"सिस्टर, तुमी का न्हाई आल्या?"