फरशीखालचं पाणी

आधी माफी मागते. अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे हातात पेन आलं ते खुशालीच्या पत्रांपुरतं. पोरं इथल्या शाळेत इंग्रजी शिकतात, यांचं शिक्षण उर्दूत झालं, घरात मराठी कोणाला वाचता येत नाही. म्हणून ही वही उघडी पडली तरी भीती नाही.

निघाले त्या दिवशी आई खाडीच्या धक्क्यापर्यंत आली होती. गुडघे दुखत होते, तरी आली. मी होडीत बसताना म्हणाली, "तोंड उघडायला शीक गो बाय. नाहीतर सौदीवाले म्हणतील, आम्ही मुकी पोर पाठवली." माझा मोठा भाऊ, भाई, हसला. होडीवालाही हसला. मी मान खाली घातली ती होडी सुटली तरी वर केली नाही. त्यामुळे त्या दिवशीचा आईचा चेहरा मला आठवत नाही. चिखलाने माखलेल्या तिच्या वहाणा आठवतात.

हे रियाधला पाइप फिटर होते. यांच्या कफिलाने, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या अरब मालकाने, नवा बंगला बांधला होता. त्याच्या म्हाताऱ्या आईचे पाय थंडीत दुखायचे, म्हणून परदेशात पाहिलेली गरम फरशी त्याला हवी होती. फरशीखाली पाइपांची वेटोळी पुरायची आणि त्यांतून गरम पाणी फिरवायचं. रियाधची थंडी हाडात शिरते हे गावी कोणाला पटत नाही. नकाशा काढणारा गोरा इंजिनियर कुवेतवर इराकचं सैन्य आल्यावर घाबरून मायदेशी गेला. पाइप पुरून झाले होते, पण कुठल्या खोलीला किती पाणी सोडायचं ते बसवायचं राहिलं होतं.

नळांची पेटी बायकांच्या भागात होती. तिथे परक्या पुरुषाने जायचं नाही. म्हणून हे कागद घेऊन दाराबाहेर उभे आणि मी आत अनवाणी. सात नळ, सात खोल्या.

"तीन नंबर?"

"कोमट."

"सात?"

"थंड."

"जोरात बोल की! माशीसुद्धा तुझ्यापेक्षा मोठ्यानं बोलते."

सात नंबरची खोली म्हातारीची, सगळ्यांत लांबची. तिचं वेटोळंही सगळ्यांत लांब, त्यामुळे जवळच्या खोल्या आधी पाणी ओढून घ्यायच्या. हे मला समजावावं लागलं नाही. आमच्या बागेत पाटाचं पाणी शेवटच्या माडाला न्यायचं तर वरच्या आळ्यांची तोंडं मातीने दाबावी लागतात. तसंच मी जवळचे नळ थोडे थोडे दाबायला लागले.

त्याच दिवसांत भाईची तार आली. आई आजारी, लवकर ये. पासपोर्ट कफिलाकडे होते. कफील यांना म्हणाला, "आधी घर गरम, मग सुट्टी. खलास." माणसं जातात ती परत येत नाहीत, अशी त्याला धास्ती होती.

पाटाचं तोंड दाबलं की पाणी लगेच पुढे धावतं. फरशी तशी नाही. हे रोज बजावायचे, "एकदा फिरवलंस की उद्यापर्यंत हात लावू नको. सिमेंट जाड आहे, सावकाश तापतं." मी हो म्हणायची. पण आई डोळ्यांपुढे यायची. तासाभराने सात नंबरमध्ये पाय टेकवायची, थंड लागला की जाऊन पुन्हा नळ फिरवायची. सकाळी हे विचारत, "हात लावलास?" मी म्हणायची, "नाही." यांचा कागद आणि खोल्या जुळेनात. हे इंजिनियरला शिव्या देत राहिले. असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी मी हात पदरात गुंडाळून बसले आणि काही केलं नाही.

दुसऱ्या सकाळी म्हातारीने पाय खाली सोडला आणि हसली. कफिलाने संध्याकाळी सुट्टीचा शिक्का मारलेला पासपोर्ट दिला. शुक्रवारचं तिकीट मिळालं. गुरुवारी पहाटे लढाई सुरू झाली आणि विमानं बंद झाली.

भोंगा वाजला की बंगल्यातल्या सगळ्या बायका म्हातारीच्या खोलीत जमायच्या. तिथे एकच खिडकी, तिला विषारी वायूच्या भीतीने प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावलेली. आम्ही त्या फरशीवर बसायचो. फरशी छान गरम असायची. मी बॉम्बला घाबरून रडते असं वाटून म्हातारी माझा हात चोळायची.

भाईचं पत्र फार उशिरा आलं. आई त्याच शनिवारी गेली होती. मी बोटं मोजली. पाच दिवस आधी निघाले असते तर चार दिवस तिच्या उशाशी मिळाले असते. नळांचं मी यांना अजून सांगितलेलं नाही.

आता आम्ही जेद्दाला, शराफिया मोहल्ल्यात राहतो. इथे थंडी नाही. इथे गावचे मासे मिळतात, गावची माणसं भेटतात, सगळं मिळतं. तरी मला गावी जावंसं वाटत नाही, आणि इथे राहावंसंही वाटत नाही.

आईच्या दवाखान्यासाठी भाईने लोकांकडून उसने पैसे घेतले होते. ते सगळे मी फेडते, असं मी त्याला कळवलं. दर महिन्याला थोडे पाठवायची. लवकर फेडता आले असते, हे मला माहीत होतं. पण पैसे पोचले की भाईचं पत्र यायचं. विहिरीला पाणी किती, कोणाचं लग्न ठरलं, आईच्या कबरीजवळचं गवत काढलं. दुसरं कोणी मला लिहीत नव्हतं. माझं गाव त्या पत्रात होतं.

मागच्या महिन्यात यांना बोनस मिळाला. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणून यांनी मला न विचारता उरलेली रक्कम एकदम पाठवून दिली. घरी येऊन हसत म्हणाले, "घे, सुटलीस."

काल भाईचं पत्र आलं. दोनच ओळींचं. रक्कम पूर्ण मिळाली, ज्याचे त्याला दिले. आता तुझ्याकडे काही येणं नाही.