म्हातारीची मागची चाकं

तीन वडीलधारी माणसं एका कामाला लागली की काम जागच्या जागी राहतं आणि किस्से तेवढे वाढत जातात. आमच्या गाडीची मागची दोन चाकं काढून परत बसवायची होती. आमच्याकडे हे काम श्रावणात सुरू झालं ते दसऱ्यापर्यंत चाललं! तेवढ्यात कोल्हापूरच्या मंगळवार पेठेला वर्षभर पुरतील इतके किस्से झाले. आता मैत्रिणी जमल्या की ‘चाकांचं सांग’ म्हणतात, म्हणून एकदाचे लिहूनच काढते.

गाडी आजोबांची. ते डॉक्टर होते, आणि या काळ्या गाडीतून गावोगाव पेशंट बघायला जायचे. आम्ही तिला ‘म्हातारी’ म्हणायचो. मागचं ऑइल सील गेलं, ऑइल ब्रेकवर उतरलं, ब्रेक लागेनात, तेव्हापासून ती शेडमध्ये उभी होती.

नानाकाका, म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी सांगलीच्या एका हॉटेलवाल्याला परस्पर शब्द देऊन टाकला. तो त्यांचा जुना विद्यार्थी. म्हातारी हॉटेलच्या दारात उभी करून तो बॉनेटवर कुंड्या ठेवणार होता! माझे आप्पा वकील. कोर्टात दुसऱ्यांसाठी तासन्‌तास भांडणारा माणूस, पण भावापुढं जीभ टाळ्याला चिकटायची. एवढंच म्हणाले, “दादा, दसऱ्यापर्यंत चालती झाली तर नाही द्यायची.”

नानाकाका म्हणाले, “करून दाखव.”

मी नुकतीच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते. घरात माझ्या डिग्रीचा उपयोग फ्यूज बदलण्यापुरता होता.

*

चाक ज्याच्यावर बसतं तो मधला जाड लोखंडी भाग म्हणजे हब. सील बदलायचं तर हब काढायला हवा, आणि हब काढायचा तर आधी त्याच्यावरचा नट. नटासाठी आप्पांनी त्यांच्या दोस्ताला बोलावलं. बापू पैलवान. गंगावेशीत त्यांच्या म्हशी आणि दुधाचा धंदा.

पैलवानांनी डाव्या चाकाच्या नटाला पाना लावला, त्यात पाइप अडकवला आणि जोर केला. गाडी हलली. शेड हलली. नट ढिम्म!

“हालतोय की!” पैलवान ओरडले. “आप्पा, सुटतोय बघ!”

गल्लीतली पोरं टाळ्या वाजवायला लागली. नानाकाका खुर्चीवरून “शाब्बास, शाब्बास” म्हणत होते. मी वाकून बघितलं. डाव्या बाजूचे आटे उलटे होते. पैलवान सकाळपासून नट आवळत होते!

मी तसं सांगितलं.

“ते मला ठावं हाय,” पैलवान घाम पुसत म्हणाले. “आधी घट करून बगत हुतो, किती ढिला हाय ते.”

*

शेवटी नट सुटला. हब मात्र जागचा हलेना. ॲक्सलचं टोक निमुळतं असतं, त्यावर हब पाचरीसारखा रुतून बसतो. हा तर वर्षानुवर्षं रुतलेला. तो ओढून काढायला पुलर लागतो, आणि इतक्या जुन्या गाडीचा पुलर मिळणार कुठं? उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून करून घ्यायचं ठरलं.

मी मापं घेऊन ड्रॉइंग काढलं. चाकाला पाच बोल्ट, म्हणून पुलरला पाच हात. आप्पा ड्रॉइंग घेऊन निघाले, तर वाटेत नानाकाकांनी ते बघितलं.

“पाच हात कुठं असतात का? दिसायला तरी काही रीत?” असं म्हणून त्यांनी एक हात खोडला आणि उरलेले चार काटकोनात आखून दिले.

आप्पांना भावाला नाही म्हणता आलं नाही. लेथवाल्यानं चार हातांचा सुंदर पुलर केला. घडीव, गुळगुळीत. पाच बोल्टांवर तो काही केल्या बसेना!

मी कपाळाला हात लावून बसले. ज्यांनी जिल्ह्याची अख्खी पिढी गणितात पास केली, त्यांनी हे केलं होतं!

“वाया न्हाय जायाचा,” म्हणत पैलवान तो पुलर घेऊन गेले. पुढं कितीतरी दिवस त्यांच्या म्हशी त्याला बांधलेल्या होत्या.

*

नंतरची आयडियाही नानाकाकांचीच. “उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात. सातवीचं पुस्तक!” म्हणून बंब पेटवला. पैलवान बादल्या भरभरून कढत पाणी हबवर ओतत होते. शेडमध्ये वाफच वाफ. हब ढिम्म, अंघोळीचं पाणी मात्र संपलं.

आई पदर खोचून दारात येऊन उभी राहिली. नानाकाकांशी ती एरवी मान वर करून बोलायची नाही. त्या दिवशी मात्र म्हणाली, “भाऊजी, न्हाणं झालं असेल तर धुरी द्यायला शेगडी आणू का?”

*

नवरात्र बसलं तेव्हा माझा धीर सुटला. मी म्हटलं, आता माझं ऐका. चाकं चढवा. नट दोन-तीन आटे ढिला करून तसाच राहू दे, म्हणजे हब निघून पडणार नाही. मग गाडी मैदानात न्या आणि हळूहळू गोल फिरवा, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. वळताना चाकावर आडवा दाब येतो. हब आपणहून सुटेल.

“नट ढिला करून गाडी चालवायची?” नानाकाका उभे राहिले. “पोरींना शिकवून हे झालं!”

“आणि पोरांना शिकवून काय झालं ते म्हशींच्या गोठ्यात बघितलंच की!” मी म्हणाले.

आप्पांनी तोंड फिरवलं. ते हसत होते की घाबरले होते, देव जाणे. पण त्यांनी किल्ली उचलली. आयुष्यात पहिल्यांदा भावाला न विचारता!

ब्रेक नसलेली गाडी, म्हणून आप्पा पहिल्या गियरमध्ये गोगलगाईसारखी चालवत होते. वजन हवं म्हणून मागच्या सीटवर पैलवान. शेवटच्या क्षणी नानाकाकाही चढले. म्हणाले, “अपघात झाला तर साक्षीला कोणीतरी हवं.”

मी मैदानात मधोमध उभी. म्हातारी माझ्याभोवती गोल गोल. काही होईना. पैलवान खिडकीतून ओरडले, “पोरी, मला आता ओकारी याय लागलीया!”

आणि तेवढ्यात खाड् करून आवाज झाला, बंदुकीसारखा!

“मेलो!” पैलवान किंचाळले.

हब सुटला होता. मी नाचतच धावले. उजव्या बाजूचाही पाठोपाठ सुटला. आप्पांनी इंजिन बंद करून गाडी थांबवली, पैलवान खाली उतरून मैदानातच आडवे झाले. नानाकाका मात्र सीटवरून उठले नाहीत. आजोबा बसायचे त्या कोपऱ्यात, काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते.

“झालं ना काम? उतरा,” मी म्हणाले.

“हळूच चालणार असेल तर आणखी एक चक्कर मारायला हरकत नाही,” ते म्हणाले. कुणाकडंही न बघता.

*

बसवताना पुन्हा महाभारत! सील बदललं, ब्रेकचं लायनिंग धुऊन काढलं. मी ॲक्सलचं निमुळतं टोक पुसून कोरडं करत होते, तर पैलवान वाटीभर लोणी घेऊन हजर. “म्हशीचं हाय, ताजं. लाव, पुढच्या येळी सरकन निघंल.”

“पुढच्या वेळी नाही, पुढच्या वळणावर निघेल!” मी वाटी परत केली. तिथं कोरडंच लागतं.

मग आमच्या घरची चाल. कुठल्याही कामात शेवटचा हात थोरल्यांचा. घराच्या चौकटीचा शेवटचा खिळा, लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधायचा दादरा, सगळं नानाकाकांच्या हातानं. ते बाह्या सरसावून आले. नट परत ढिला होऊ नये म्हणून त्यातून स्प्लिट पिन घालायची असते. त्यासाठी नटाची खाच ॲक्सलच्या भोकासमोर यावी लागते. नाही आली तर नट आणखी पुढं आवळायचा, मागं घ्यायचा नाही.

“थोडा मागं घेतला तर काय बिघडतं?” नानाकाका म्हणाले.

मी पाना पाठीमागं लपवला. “हात लावायचा नाही. एकाही नटाला नाही. मान नाही आणि पान नाही!”

आई “अगं, अगं” करत राहिली. नानाकाकांनी बाह्या खाली केल्या. बाहेर कट्ट्यावर जाऊन पाठमोरे बसले. दोन्ही हब मीच बसवले, नट मीच आवळले, पिना मीच वाकवल्या. तळहाताची सालटी निघाली.

*

दसऱ्याच्या सकाळी म्हातारीला झेंडूची माळ घातली. पूजा होतेय तोवर सांगलीचा तो हॉटेलवाला, सुरेश, बायको आणि दोन मुलांना घेऊन दारात हजर! आप्पांनी मोठ्या हौसेनं त्यांना एक चक्कर मारून आणलं. ब्रेक कचकन लागला.

सुरेश खूश. “अहो, मग कुंड्या कशाला ठेवतोय? वरातीला लावतो. आत्ताच हिच्यातनं सांगलीला जातो!”

“चालती झाली तर द्यायची नाही, असं ठरलं होतं,” आप्पा म्हणाले.

“ते तुमचं तुमच्यात. मला सरांनी शब्द दिलाय.”

सगळे नानाकाकांकडं बघायला लागले. शब्दाला त्यांच्याइतका पक्का माणूस कोल्हापुरात नव्हता. एकदा चुकून ‘उद्या शाळा आहे’ म्हणाले, तर सुट्टीच्या दिवशी एकटेच शाळेत जाऊन बसले होते.

“दिलाय,” नानाकाका म्हणाले. “ने.”

आप्पांनी किल्ली काढून सुरेशला दिली. कोर्टात केस हरल्यावरसुद्धा मी त्यांचा असा चेहरा बघितला नव्हता. सुरेशची मुलं मागच्या सीटवर चढून उड्या मारायला लागली.

“फक्त एक सांगून ठेवतो, सुरेश,” नानाकाका काठी टेकत पुढं आले. “मागची दोन्ही चाकं मी बसवलीत. स्वतः, माझ्या हातानं.”

मी तोंड उघडलं. माझे तळहात अजून चुरचुरत होते! तेवढ्यात आईनं टाच माझ्या पायावर अशी दाबली की शब्द आतच राहिला.

सुरेशचा हात गाडीच्या दारापाशीच थांबला. “स्वतः, सर?”

“स्वतः. नटसुद्धा मीच आवळलेत. कुणाला हात लावू दिला नाही.”

सुरेशनं मागच्या चाकाकडं बघितलं. मग सीटवरच्या मुलांकडं.

“सर, आठवीत आमच्या वर्गातला फळा तुम्ही स्वतः बसवला होता.”

“होय.”

“तो माझ्या डोक्यावर पडलेला.”

“अच्छा,” नानाकाका म्हणाले, “तूच का तो?”

सुरेशनं किल्ली परत आप्पांच्या हातावर ठेवली आणि गाडीचं मागचं दार उघडलं.

“पोरांनो, उतरा खाली. एस.टी.नं जायचंय.”