घाबरवत नसल्याचा दाखला

अबू हमदानने तीस वर्षं पाण्याचा टँकर चालवला. निवृत्त झाला तसा तो गच्चीवर गेला आणि जवळजवळ तिथलाच झाला. जॉर्डनमधलं आमचं सल्त गाव डोंगरउतारावर वसलेलं, इथे एकाची गच्ची म्हणजे वरच्याचं अंगण. सकाळी त्याने काठीला बांधलेलं काळं फडकं फिरवायला घेतलं की अर्ध्या उतारावरच्या बायका वाळत घातलेले कपडे आत नेत. मग त्याची ऐंशी कबुतरं एकदम उठत, पिवळ्या भिंतींवरून त्यांची सावली सरकत जाई, आणि तेवढा वेळ खाली सगळे बोलायचे थांबत.

या वसंतात नगरपालिकेची नोटीस आली. गच्चीवरची खुराडी महिन्याभरात काढावीत. नोंदणीकृत संस्थेची असतील तरच राहतील. नोटीस वाचून आपण तीन दिवस जेवलो नाही, असं अबू हमदान सांगतो. एक दिवस, असं त्याची बायको सांगते. चौथ्या दिवशी मात्र त्याने गावातले आणखी सहा कबुतरवाले गोळा केले. त्यातल्या चौघांशी त्याचं बोलणं नव्हतं. सगळे मिळून संस्था नोंदवायला न्यायालयासमोर बसणाऱ्या अर्जनविसाकडे, उस्ताद मिस्बाहकडे गेले.

संस्था नेमकं काय करणार, असं मिस्बाहने विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं आणि त्याने ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. सदस्य एकमेकांविरुद्ध युद्ध पुकारतात. शत्रूचं कबूतर भुलवून खाली उतरवतात आणि कैद करतात. तह झालेला असेल तर सोडतात, नसेल तर सोडत नाहीत. इशाऱ्यासाठी गच्चीवरून काळा झेंडा दाखवतात.

इथवर आल्यावर मिस्बाहने पेन खाली ठेवलं. लिहिलेलं वाचलं, आजूबाजूला पाहिलं, कागदाची बारीक घडी करून खिशात घातली. मग पिशवीतून कायद्याचं पुस्तक काढून दहशतवादाची व्याख्या हळू आवाजात वाचून दाखवली. हेतू कोणताही असो, साधन कोणतंही असो, एकट्याने केलेलं असो की अनेकांनी मिळून; ज्या कृत्याने लोकांमध्ये भीती पसरते, शांतता बिघडते, मालमत्तेला किंवा पर्यावरणाला इजा होते, ते सगळं त्यात बसू शकतं. असं काही करणाऱ्या संघटनेवर बंदी येते, आणि माणसं आत जातात.

"साधन कोणतंही म्हणजे?" अबू हमदानने विचारलं.

"कबूतरसुद्धा," मिस्बाह म्हणाला.

पर्यावरण या शब्दापाशी सातही जणांना शेजाऱ्यांच्या घाण झालेल्या पाण्याच्या टाक्या आठवल्या असाव्यात, कारण सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले.

पुढचे दोन दिवस शब्द बदलण्यात गेले. युद्धाचे मैत्रीपूर्ण मतभेद झाले, कैद्याचा पाहुणा झाला. पाहुण्याचे पंख बांधता का, असं मिस्बाहने सहज विचारलं आणि सगळे एका सुरात हो म्हणाले. ते लिहायचं नाही असं ठरलं. काळं फडकं जाऊन तिथे जुन्या पडद्याचं फुलाफुलांचं कापड आलं. ते फिरवल्यावर कबुतरं त्याच्याकडे बघत ढिम्म बसून राहिली.

नोंदणी कचेरीतल्या कारकून नुहाने अर्ज दोनदा वाचला आणि तिला खोट काढता आली नाही. फक्त आम्ही कुणाला घाबरवलेलं नाही, अशी शपथ हवी होती. सात हात वर गेले. नुहाने अवघडून त्यांना ते खाली घ्यायला सांगितलं. दुसऱ्याचं पकडलेलं पाखरू कबुतरवाला शपथेवर आपलंच म्हणतो, म्हणून त्याची साक्ष कुणी धरत नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. साक्षीदार कबुतरं न पाळणारा हवा होता, आणि त्याच भागातला. फायलीत तसं एकच नाव होतं. अबू हमदानच्या वरच्या घरातली उम्म राकान. तिच्या त्याच्याविरुद्ध अकरा तक्रारी होत्या.

पाडा मग खुराडं, असं म्हणून अबू हमदान घरी गेला. गुरुवारी तो कनाफ्याच्या मिठाईचं ताट घेऊन तिच्या दारात उभा राहिला. तिने कनाफा ठेवून घेतला आणि दार लावलं. रविवारी ती कचेरीत आली.

"दहशत? याची? अगं पोरी," ती नुहाला म्हणाली, "टाकी घाण करतो, कपडे घाण करतो, ते मी लिहून दिलंय. पण भीतीचं म्हणशील तर मी झाडू घेऊन गच्चीवर गेले की हा खुराड्यात शिरतो. कबुतरं बाहेर, हा आत."

"म्हणजे परिसरात यांना कुणी भीत नाही?"

"मांजरसुद्धा भीत नाही. आठवड्याला एक कबूतर नेतंय."

नुहाने टाइप केलं आणि वाचून दाखवलं. सदर संस्थेला परिसरात कोणीही घाबरत नाही. अध्यक्ष अबू हमदान शेजारणीला घाबरून खुराड्यात लपतात. मग कागद अबू हमदानपुढे सरकवला.

त्याने पेन उचललं, परत ठेवलं. त्याने मिस्बाहकडे पाहिलं. मिस्बाह छताकडे बघत होता.

"बाई," तो शेवटी नुहाला म्हणाला, "थोडी तरी भीती लिहिता येईल का? अगदी थोडी. लहान पोरं वगैरे?"

"थोडी लिहिली तर फाइल वरच्या मजल्यावर सुरक्षावाल्यांकडे जाते, काका."

त्याने जिन्याकडे पाहिलं.

"कर की सही," उम्म राकान म्हणाली. "कुठे जिने चढतोस आता."

त्याने सही केली. मी लपत नव्हतो, दाणे बघत होतो, असं तो सही करताना म्हणाला. नुहाने ते टाइप केलं नाही.