मोजणीवाल्या बाईंचा टिटवीचा फोटो

रविवारी सकाळी समता गवईचा चहा तिसऱ्यांदा गार झाला. मोबाइल हातातून सुटत नव्हता. आदल्या रात्री पक्ष्यांच्या ग्रुपवर तिनं टिटवीचा फोटो टाकला होता आणि आतापर्यंत त्रेचाळीस अंगठे आले होते. फुलं आली, 'अप्रतिम' आलं, टाळ्या आल्या. पण तिला हवं होतं ते कुणी लिहीत नव्हतं. फोटो चांगला, तर का चांगला? काही चुकलंय, तर काय?

"मस्त आला ना फोटो," तिचा नवरा चंद्रशेखर पेपरातून मान वर न काढता म्हणाला.

"तुमी तं माह्या चुलीच्या धुराचा फोटोही मस्त म्हणसान."

समता भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक. तालुक्यात तिला मोजणीवाल्या बाई म्हणतात. बांधाबांधानं हिंडणं, उन्हात उभं राहणं, दोन भावांच्या भांडणात मधोमध यंत्र रोवणं यात तिची चौदा वर्षं गेली. शेतात पक्षी रोजच दिसायचे, म्हणून सहा महिन्यांपूर्वी तिनं जुना कॅमेरा आणि लांबची लेन्स विकत घेतली. तेव्हापासून तिचा जीव एका जागी ठरेना. जेवताना खिडकीबाहेर काही हललं की घास हातातच राहायचा.

हा फोटो शुक्रवारचा. मोताळ्याकडच्या एका पडीत जमिनीची मोजणी होती. लोक जेवायला गेले आणि खड्यांमध्ये तिला टिटवी बसलेली दिसली. समता पोटावर झोपून सरकत सरकत पुढं गेली. पक्षी उठला, खाली चार अंडी. मग तिनं हवा तो क्षण टिपला. पंख फाकलेले, चोच उघडी, डोळ्यात उजेडाचा ठिपका.

साडेनऊला शालिग्रामकाकांचा मेसेज आला. धाड गावात त्यांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. आता वांगी-मिरची लावतात, आणि ग्रुपवर वर्षातून चारदा बोलतात. 'फोटो साफ आहे. आधीचे-नंतरचे पण पाहायचे आहेत. कॅमेरा घेऊन या.'

ती तशीच उठली. स्कूटी काढली आणि पाऊण तासात धाडला पोचली.

काका वांग्याच्या वाफ्यात होते. हात धुवून पंच्याला पुसले, लिंबाखाली बसले आणि कॅमेऱ्याचा पडदा हाताच्या ओंजळीत धरून एकेक फोटो पाहू लागले. समताला बसवेना. ती झाडाभोवती फिरत राहिली.

"आयएसओ उगाच वाढवला," ते म्हणाले. "एवढ्या उन्हात गरज नव्हती. फोकस डोळ्यावर हाये, हे चांगलं. मागचं गवत थोडं नडते."

"आनखी?" ती आसुसून म्हणाली.

काका परत पहिल्या फोटोवर गेले. "हा बारा वाजून आठ मिनिटाचा. बसेल हाये. इथं उठली, बारा अकरा. इथं वरडून राह्यली. हा ग्रुपवर टाकला तो, बारा बावन. तरी वरडूनच राह्यली." त्यांनी मान वर केली. "पाऊण घंटा. तवर अंड्यावर कोन होतं?"

समता थांबली.

"एप्रिलचं ऊन हाये ताई. टिटवी अंडे उबवाले कमी बसते, सावली कराले जास्त बसते. तुमाले वाटलं तिनं पंख पसरून पोज देल्ली. ते तुमाले हाकलून राह्यली होती."

"मी फोटोबद्दल विचारलं होतं, काका." तिचा आवाज चढला.

"मी फोटोबद्दलच बोलून राह्यलो."

तिनं कॅमेरा त्यांच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतला. चहा ठेवलाय असं घरातून कुणी म्हणालं, पण ती निघालीसुद्धा होती.

बुलढाणा आलं. घराकडं वळायचं सोडून ती सरळ मोताळ्याकडं राजूर घाट उतरली. मनात एकच हिशोब चालू होता. पंचेचाळीस मिनिटं, वर डोक्यावरचा सूर्य, खाली तापलेले खडे. स्वतःचाच राग येत होता, मग काकांचा, मग पुन्हा स्वतःचा. लोकांना ती वीतभर जमिनीसाठी सांगायची, हद्द ओलांडू नका.

पडीत जमिनीच्या कडेला स्कूटी लावून ती बांधामागं बसली. घरटं इथून साठ मीटर. अंतराच्या बाबतीत तिचा डोळा चुकत नसे. लेन्समधून पाहिलं तर तिथं कुणीच नव्हतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. उठून जाऊन अंडी पाहावीत असं दहादा वाटलं. दहाही वेळा तिनं बांधाचं गवत मुठीत धरलं. विसाव्या मिनिटाला नाल्याकडून टिटवी चालत आली. पोटाची पिसं ओली होती, अंड्यांना गारवा द्यायला भिजवून आणलेली. इकडं-तिकडं पाहून ती खड्यांवर टेकली.

अंडी चार होती की कमी, आतला जीव होता की शिजला, ते इथून कळणार नव्हतं. समतानं एकच फोटो काढला आणि पाय न वाजवता परतली.

संध्याकाळी तिनं पहिला फोटो ग्रुपवरून काढला आणि का काढला तेही लिहिलं. 'एवढं काय ताई!' असं दोघांनी लिहिलं. एकानं त्यालाही अंगठा दिला. नवा फोटो तिनं फक्त शालिग्रामकाकांना पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं. 'क्षितिज वाकडं आहे.'

त्या दिवसात ती पहिल्यांदाच हसली. पण रात्री तिला झोप लागली नाही.

महिन्याभरानं ती पुन्हा त्या बाजूला गेली. घरट्याच्या जागी नुसता खळगा होता, ना टरफल ना पीस. टिटवीची पिल्लं निघाल्याबरोबर चालू लागतात, हे तिनं वाचलं होतं. कोल्ह्या-कुत्र्यानं नेलं तरी असंच दिसतं, हेही वाचलं होतं. बनाबाई म्हणून एक म्हातारी तिथं शेळ्या चारत होती.

"आजी, टिटवीचे पिल्लं दिसले का वो?"

"टिटवी तं रोज वरडते बाई. पिल्लं काई म्या पाह्यले नाई." बनाबाईनं शेळी हाकलली. "काऊन, काही वस्तू हरवली का?"

समता नाही म्हणाली. नाल्याच्या पलीकडं कुठंतरी टिटवी ओरडत होती. समता तिकडं कान देऊन उभी राहिली, ऑफिसातून दुसऱ्यांदा फोन येईपर्यंत.