रातिनेमच्या माडातली चूक

रातिनेमला मी आयुष्यभर ‘यू’, म्हणजे थोरली बहीण, म्हणत आलो. नात्यानं ती माझी कोणीच नव्हती. आमच्या कारांगवेरू गावात मासळी बाजाराच्या तोंडाशी तिची बर्फाच्या सरबताची गाडी असायची. त्या सरबतात ती कोप्योर घालायची.

कोप्योर म्हणजे खरं तर बिघडलेला नारळ. वरून बघाल तर चारचौघांसारखा. फोडलात की आतलं खोबरं करवंटीला धरलेलंच नसतं, सगळं भुसभुशीत होऊन पाण्यात सुटलेलं. पण चव! माझा एक मेहुणा त्या सरबतापायी आठवड्यातून दोनदा बायकोला भेटायला सासरी यायचा. बायको समजायची, प्रेम.

असा नारळ देणारा माड सगळ्या किनाऱ्यावर एकच, यूच्या दारातला. बुटका, हात वर केला की घड हाताला लागेल असा. तिच्या नवऱ्यानं, कासिमाननं, कुठूनसं रोप आणून लावला होता. कुठून, ते विचारायचं राहून गेलं, आणि एका वादळात कासिमान होडीसकट गेला.

आमचा समुद्र दर वर्षी थोडा थोडा किनारा खातो. त्या वर्षी तो माडापासून सहा पावलांवर आला. माड जाणार हे तर आंधळ्यालाही दिसत होतं. त्याचं बी मागे राहणार का, एवढाच प्रश्न होता, आणि त्या प्रश्नानं यूची झोप उडवली होती.

तिनं प्रयत्न केले नाहीत असं नाही. अकरा वर्षं दर हंगामात ती घडातला सगळ्यात सरस कोप्योर निवडून जमिनीत लावत होती. नारळ कानाशी धरून हलवायचा, साधा असेल तर पाणी खुळखुळतं, कोप्योर असेल तर आवाज जड आणि बसका येतो. तिचा कान कधी चुकला नाही. पण लावलेला प्रत्येक कोप्योर कुजला. मी म्हटलं, यू, आमच्या पाच दिवसांच्या बाजार-आठवड्यातला लेगीचा दिवस शुभ, तो धर. तिनं धरला. कुजला. कोणी म्हणालं, उपास करून लाव. तेही केलं. उपाशी यू आणि कुजका नारळ, दोन्ही एकाच वेळी सांभाळायची पाळी आमच्यावर आली.

मग एके दिवशी रोपवाटिकेकडून रेत्ना नावाची एक मुलगी आली, किनाऱ्यावर झाडं लावायची पाहणी करायला. सरबत प्यायली आणि पाहणी विसरली.

“म्बाह, एका घडात असे किती निघतात?” म्बाह म्हणजे आजी.

“चारात एक. कधी दोन, कधी एकही नाही. पण वर्षाचा हिशेब केलास तर चारात एक.”

“आणि तुम्ही लावता कुठला?”

“हा काय प्रश्न झाला? कोप्योरच! गोड आंब्यासाठी आंबट कोय लावू?”

रेत्नानं कपाळाला हात लावला. “आणि उरलेले तीन?”

“कालवणात.”

“अहो म्बाह, बी सगळं तुमच्या कालवणात गेलं!”

यू भडकली. “कारजान, ही पोरगी मला स्वयंपाक शिकवतेय बघ!”

मी मध्ये पडलो, कारण मला ऐकायचं होतं. रेत्ना वाळूत बसली आणि सांगू लागली. म्हणाली, झाडाच्या कणाकणात, पानात, मुळात, पोयीत, एक लांबच लांब मजकूर गुंडाळून ठेवलेला असतो. अक्षरं चारच. पण त्याच चार अक्षरांच्या रांगेत सगळं झाड लिहिलेलं.

“पानातसुद्धा नारळ लिहिलाय?” मी विचारलं.

“लिहिलाय, पण पान ते पान उघडत नाही. ज्याला जे काम, त्यानं तेवढंच वाचायचं.”

मी आयुष्यभर होड्या बांधल्या. आमचा मिस्त्री मूळ मापाची काठी घराबाहेर काढत नसे. हवं तेवढं माप दोरीवर गाठी मारून आणायचं, आणि दोरी बघून फळी कापायची. मी हे सांगितलं तर रेत्ना उडालीच. “अगदी तसंच! मूळ जागेवर राहतं, त्याची नक्कल कामावर जाते.”

“आणि काठीचीच नक्कल करायची असेल तर?”

“कणाचे दोन कण होताना सगळ्या मजकुराची नक्कल होते. तपासतातही. तरी लाखो अक्षरांत एखादं निसटतं.”

मला माझा काका आठवला. नवी काठी करताना त्याची एक खूण बोटभर सरकली. तेव्हापासून आमच्या पंचवीस होड्यांची नाकं वर उचललेली. लोकांना ती आवडली, आता शेजारच्या गावचे मुद्दाम तशी मागतात. तो काका मरेपर्यंत म्हणायचा, ती मी विचार करून केली.

“तुमच्या माडात अशीच एक चूक आहे,” रेत्ना यूला म्हणाली. “खोबरं घट्ट करायचं काम ज्या ओळीवर लिहिलंय, ती ओळ बिघडलीय. पण प्रत्येक झाडाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक चांगली असली तरी काम भागतं. बुटका माड आपल्याच परागानं फळतो, म्हणजे आई तोच आणि बापही तोच. दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या की कोप्योर. त्यातल्या कोंबाला ते सुटं खोबरं पोसू शकत नाही, म्हणून कुजतो. प्रयोगशाळेत बाटलीत वाढवतात, पण ती इथून फार दूर.”

“आणि साधा दिसतो त्याच्यात?”

“तीनात दोन नारळांत चूक लपलेली असते. घट्ट खोबऱ्यात, मुकाट्यानं.”

यू एकदम उठली आणि घराकडे सुटली. पंचाहत्तरीची बाई, लुंगीचा घोळ हातात धरून! स्वयंपाकघरात तिची सून सुलास खवणीवर बसली होती. शेवटच्या पिकल्या घडातले पाच नारळ फोडून झाले होते. सहावा तिच्या हातात.

“ठेव तो!”

“अहो आई, कालवण—”

“पाण्यात शिजव कालवण!”

तो धरून चार साधे नारळ वाचले. यूनं ते माझ्या अंगणात लावले, समुद्रापासून आत. महिन्याभरात माड पाण्यात आडवा झाला. वरचा हिरवा घड लाटेनं नेला.

चारातले तीन उगवले. एकाला शेळीनं खाल्लं. ती शेळी माझीच, त्यामुळे यू माझ्याशी पावसाळाभर बोलली नाही. पाचव्या वर्षी पहिल्या माडाला घड आला. तिनं एकेक हलवला, सगळे खुळखुळले. दुसरा घडही तसाच. “तीनातला बिनचुकीचा तोच निघाला मेला,” ती म्हणाली आणि दुसऱ्या माडाकडे बघायलाही येईना.

मीच तिला ओढून आणलं. दहा नारळ होते. सातवा हलवून ती थांबली. परत हलवला. माझ्या कानाशी धरला.

“तू सांग.”

“तुझ्या कानापुढे मी काय सांगू?”

“सांग म्हटलं ना!”

आवाज जड होता, बसका. मी कोयता मारला आणि भुसभुशीत खोबरं माझ्या पायावर सांडलं. यूनं बोटानं चाखलं. “पाणी जरा कमी गोड आहे. तुझ्या अंगणाचा दोष.” तरी करवंटी चाटूनपुसून साफ केली.

दहात कोप्योर दोनच निघाले. उरलेले आठ साधे नारळ टोपलीत घालून ती ज्यांची अंगणं समुद्रापासून लांब आहेत अशा घरोघरी फिरली. कोणाला दम दिला, कोणाला हात धरून खड्डा खणायला लावला. शेवटच्या घरी वार्सिनी म्हणाली, “यू, पण ह्याच्यात ती चूक आहे कशावरून?”

“तेच तर बघायचंय,” यू म्हणाली. “कुदळ आण.”